वेताळ भिंतीवर टांगायचा की पेटीत ठेवायचा?

हळदीचा डाग पडलेला सदरा सांगलीत कुणी फार घासत बसत नाही. साबण लावला तर डाग उलट लाल होतो. धुऊन दोरीवर उन्हात टाकायचा, संध्याकाळपर्यंत डाग फिकटलेला असतो. हळदीच्या गावात राहणाऱ्याला ऊन रंग कसं खातं हे वेगळं शिकवायला लागू नये. मी मात्र ते शिकलो वेताळाचा, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधल्या फँटमचा, एक अंक घालवून.

विषय निघाला भाच्यामुळे. त्यानं विश्रामबागला फ्लॅट घेतला आणि रंगकाम संपायच्या आत फोन केला. "मामा, आजोबांनी आणलेले वेताळ द्या ना मला. हॉलमध्ये लावतो. तुमच्याकडं नुसते ट्रंकेत पडल्यात."

"देतो की. पण कुठल्या भिंतीला आणि कशात घालून, ते आधी सांग."

मग तो चार पर्याय घेऊन आला: साध्या काचेची फ्रेम, यूव्ही (अतिनील किरण अडवणाऱ्या) ॲक्रिलिकची फ्रेम, काचेचं शोकेस, आणि भिंतीवर अरुंद फळी मारून तिच्यावर अंक आलटून-पालटून उभे करणं. पाचवा पर्याय मी सुचवला, तो त्याला आधी पटला नाही. आम्ही दोघांनी बसून जो हिशेब केला तोच इथे देतोय. ज्यांच्याकडे इंद्रजाल, अमर चित्र कथा किंवा नागपंचमीच्या जत्रेत घेतलेली कुठलीही जुनी कॉमिक्स आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

आधी माझा घोळ

सांगलीच्या गावभागात राहत होतो तेव्हा मी एक अंक साध्या काचेत फ्रेम करून पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगला. चार वर्षांनी घराचं रंगकाम काढलं म्हणून फ्रेम उतरवली आणि उघडली. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी दबून राहिली होती. त्या पट्टीत पिवळा हळदीसारखा, लाल कुंकवासारखा. आतल्या चौकोनात पिवळा जवळजवळ गेलेला, लालाचा मळकट गुलाबी झालेला, निळा मात्र शाबूत. जांभळ्या पोशाखातला वेताळ चक्क निळा पडला होता. छपाईत जांभळा म्हणजे निळ्यावर किरमिजी. किरमिजी उडाला की खाली निळाच उरतो. जुनी पोस्टरं निळसर दिसतात ती ह्याच कारणानं.

त्याचं एक वेळ चाललं असतं. वरच्या कोपऱ्यात वडिलांनी शाईपेननं माझं नाव आणि तारीख घातली होती. तिथं आता तपकिरी सावलीसारखं काहीतरी आहे, तेही ठाऊक असलं तरच दिसतं. अंक जुन्या बाजारात दुसरा मिळेल, ते अक्षर नाही मिळणार.

फ्रेमवाल्यानं मागून सेलोटेप मारला होता, त्याचे तेलकट पिवळे डाग मुखपृष्ठाच्या आरपार आले. हा दोष त्याचा आणि माझाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

उजेड मोजायचा कसा

कागदावर पडणाऱ्या उजेडाचं उधारीच्या वहीसारखं असतं. प्रत्येक दिवस मांडला जातो, खोडला कधीच जात नाही. किती प्रखर गुणिले किती तास, एवढाच हिशेब. संग्रहालयात नाजूक कागदासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. रोज ८ तास धरले तर वर्षाला १,४६,००० लक्स-तास होतात. आता खिडकीजवळची भिंत घ्या. ऊन थेट पडत नसलं तरी दिवसा ५०० लक्स सहज मिळतात. १० तासांप्रमाणे महिन्याभरात १,५०,००० होतात. म्हणजे संग्रहालयातलं एक वर्ष तुमच्या खिडकीशेजारी एका महिन्यात उडालं. थेट उन्हाचं तर बोलूच नका, भर दुपारी उघड्यावर आकडा १,००,००० लक्सपर्यंत जातो.

मोबाइलवर लक्स मोजायची ॲप मिळतात. अचूक नसतात, पण दोन भिंतींमधला फरक दाखवायला पुरतात.

अतिनील किरण हा ह्या खात्यातला सगळ्यात महागडा भाग, पण एकटा नव्हे. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो, विशेषतः निळ्या बाजूचा. "यूव्ही प्रूफ" शब्दावर विसंबून लोक फ्रेम उन्हात टांगतात ती चूक इथेच होते. यूव्ही अडवलं की फिकट होण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही.

आणि कागद. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. ह्या सगळ्या वर्षांतला आतला कागद जवळजवळ वर्तमानपत्राचाच. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं. ते उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं, वर कागद आम्लधर्मी होत जातो. टांगलेल्या अंकाचं मुखपृष्ठ उजेडानं जातं, आतली पानं स्वतःच्याच आम्लानं. काच कितीही भारी घातली तरी दुसऱ्या दुखण्यावर तिचा इलाज नाही.

उत्तरेची भिंत? जरा थांबा

"उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही" हे वाक्य थंड देशांतल्या पुस्तकांतून आपल्याकडं आलंय. सांगली १७ अक्षांशाच्या जरा खाली. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. थंडीत उलट. डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम ५० अंश वर चढतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी खोलीत लांबवर ऊन सोडते. म्हणजे दिशा पाठ करून भागत नाही. खिडकी नसलेला पॅसेज किंवा खिडकीच्याच भिंतीवरची, खिडकीपासून लांबची जागा ही सगळ्यांत भरवशाची.

आमचा घरगुती उपाय सांगतो. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवल्या, वाळवल्या, अर्ध्या भागावर स्वयंपाकाची फॉइल गुंडाळली आणि प्रत्येक भिंतीवर एकेक लावली. परदेशी संग्रहालयांत ह्याच कामाला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं प्रमाणित कार्ड वापरतात. हळद त्या कार्डापेक्षा खूपच हळवी, म्हणून वर्षांचा अंदाज त्यातून निघत नाही. कुठली भिंत जास्त खाते, एवढं मात्र आठवड्यात दिसतं.

आता पर्याय

साधी काच स्वस्त, चरा पडत नाही, फडक्यानं स्वच्छ होते. पण खिडकीची काय आणि फ्रेमची काय, साधी काच अतिनीलातला यूव्ही-बी हा भाग अडवते आणि यूव्ही-ए हा भाग बराचसा आत सोडते. पॅसेजमध्ये चालेल. हॉलमध्ये खिडकीसमोर लावणार असाल तर माझी फ्रेम येऊन बघून जा.

यूव्ही ॲक्रिलिक बहुतेक सगळा अतिनील भाग अडवतं, वजनाला हलकं, पडलं तर फुटत नाही. साध्या काचेच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि सांगलीत फ्रेमवाल्याला आधी सांगून मागवायला लागतं. दुकानात "ॲक्रिलिक आहे" म्हणाले म्हणजे यूव्हीचं झालं असं नाही, शीटवर किंवा बिलावर तसं लिहिलेलं बघा. चरे लवकर पडतात. कोरड्या हवेत पुसलं की स्थिर वीज धरतं आणि सुटा कागद ओढून घेतं. टांगायचा अंक एकच असेल आणि मूळच टांगायचा हट्ट असेल, तर पैसे इथे घाला. मधे माउंट किंवा पट्टी घालून कागद आणि काच ह्यांत फट ठेवायला सांगा. पावसाळ्यात काचेला चिकटलेलं मुखपृष्ठ सुटताना रंग काचेवरच ठेवून येतं. हे साध्या काचेलाही लागू.

भाचेसूनबाईंचं मत शोकेसकडे. त्यांचं म्हणणं, धूळ बसत नाही, लहान मुलाचे हात पोचत नाहीत, एकदम आठ-दहा अंक दिसतात. सगळं खरं. पण शोकेस हॉलच्या दर्शनी भिंतीला असतं, म्हणजे सगळ्यांत उजेडाच्या जागी, आणि बारा महिने उघडं. नवीन प्लाय किंवा एमडीएफचा जो वास येतो तो कागदाला मानवत नाही. करून घेतलंच तर महिनाभर दारं उघडी टाकून मग भरा. आतला दिवा एलईडीच हवा. त्यात अतिनील जवळजवळ नसतो आणि हॅलोजनसारखा तापतही नाही. तरी तो उजेडच आहे, पाहुणे गेले की बंद करायचा. काचेला आतून फिल्म लावता येते. गाड्यांना फिल्म लावणारे घरच्या खिडक्यांचंही काम करतात, पण काळी म्हणजे चांगली हा समज सोडा. पारदर्शक दिसणारी फिल्मही यूव्ही अडवू शकते, आणि नुसती काळी असलेली तेवढा अडवेलच असं नाही. माझ्या मते फिल्म शोकेसला लावण्यापेक्षा खिडकीला लावावी. सोफ्याचं कापडही वाचतं.

फळी हा मला सगळ्यांत आवडलेला पर्याय, कारण त्यात हात चालतो. दीड-दोन इंची खोबण असलेली अरुंद फळी, तिच्यावर तीन अंक उभे. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा. पिशवी ओळखायची खूण म्हणजे ती कुरकुर वाजते आणि वास येत नाही. मऊ, ताणली जाणारी, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसी. ती घेऊ नका, कालांतरानं चिकट होते आणि छपाई उचलते. साधा तपकिरी पुठ्ठाही नको, तो स्वतःच आम्लधर्मी. महिना-दीड महिना झाला की तीन अंक पेटीत, दुसरे तीन बाहेर. तीस अंक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून पाच-सहा आठवडे उजेड येतो, बाकी अंधार. काच लागत नाही, फ्रेमवाला लागत नाही. तोटा एकच आणि तो मोठा: कंटाळा. दिवाळीत लावलेले अंक गुढीपाडव्यापर्यंत तसेच राहिले तर फळी म्हणजे काच नसलेली फ्रेम.

पाचवा पर्याय: मुखपृष्ठ चांगल्या रिझोल्यूशननं स्कॅन करायचं, फोटो लॅबमधून प्रिंट काढून घरच्या भिंतीपुरतं फ्रेम करायचं, आणि मूळ अंक पेटीत. ऊन खाऊ दे प्रिंटला, पाच वर्षांनी दुसरा काढू. भाचा म्हणाला, "मग ते खरं कुठं राहिलं, मामा?" बरोबर आहे. पण हॉलच्या पलीकडच्या टोकाहून बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला आपण पेटी उघडून दाखवतोच. वडिलांचं अक्षर असलेल्या अंकांना दुसरा पर्याय मी मानतच नाही.

लॅमिनेशनचं नाव काढू नका. गरम चिकट थर कागदावर एकदा बसला की निघत नाही.

पेटीचं थोडक्यात

पेटी उजेडापासून वाचवते, दमटपणापासून नाही. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, पिना गंजतात आणि गंज मधल्या पानांवर उतरतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी पेटी उघडून वारा द्या, कसर दिसते का बघा. अंक फार दाबून भरू नका आणि तिरके पडतील इतके सैलही ठेवू नका.

आणि ही पेटी पलंगाखाली ठेवायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे सांगलीकराला सांगायला नको. ट्रंक तेव्हापासून माळ्यावर होती. माळा स्लॅबखालचा असेल तर उन्हाळ्यात तापतो, म्हणून आता ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात आणली.

ठरलं काय

सहा अंक निवडले. त्यातल्या दोनांवर वडिलांचं अक्षर आहे. त्यांचे प्रिंट हॉलमध्ये, अंक माझ्याकडेच. उरलेले चार फळीवर दोन-दोन करून. यूव्ही ॲक्रिलिक भाच्यानं तूर्त सोडलं. तेवढ्या पैशात हॉलच्या खिडकीला फिल्म आणि जाड पडदा दोन्ही बसलं. शोकेस होणार आहे, त्यात सूनबाईंची चिनी मातीची भांडी.

फळी टीव्हीच्या भिंतीला मारायची का पॅसेजमध्ये, ह्यावर मात्र अडलं होतं. काल त्याचा फोन आला. "मामा, टीव्हीकडची हळदीची पट्टी आठ दिवसांत पांढरी पडली की ओ. पॅसेजमधली फॉइल काढली, तर झाकलेली अर्धी कुठली आणि उघडी अर्धी कुठली तेच कळंना."

"मग ड्रिल कुठं मारतोयस?"

"पॅसेजमध्ये. पण तिथं दिवा लावायला लागंल."

"लाव. येता-जाता बंद करत जा."