पेटी कशी लावून घ्यावी: नेहमीसारखी की गांधार ट्यूनिंग?

पेटी दुरुस्तीला नेली की "लावायची कशी, नेहमीसारखी की गांधार ट्यूनिंग?" असा प्रश्न हमखास येतो, आणि आपण "तुम्हीच सांगा" म्हणून मोकळे होतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या पेट्या आहेत आणि दोन्हींवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस.

नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या साधारण १.०५९५ पट. गांधार ट्यूनिंगमध्ये तानपुऱ्याशी मिळणारी सरळ गुणोत्तरं: पंचम ३/२, गांधार ५/४. हिशेबाला पुस्तकातला सेकंदाला २४० आंदोलनांचा (कंपनांचा) सा धरू. (प्रमाण ४४० आंदोलनांना लावलेल्या पेटीवर तो काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो, पण आकडे सुटसुटीत येतात.)

पंचमावरून भांडायचं कारण नाही. ३६० च्या जागी ३५९.६, कुणाला कळणार? रिषभ-मध्यमही एका आंदोलनाच्या आत. घोळ आहे तो गांधार, धैवत आणि निषादात: ३०० च्या जागी ३०२.४, ४०० च्या जागी ४०३.६, ४५० च्या जागी ४५३.

अडीच आंदोलनांनी काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. नुसता गांधार वाजवून "हा कुठला?" विचारलंत तर आजही मी बहुधा चुकेन. पण संध्याकाळी यमन घेऊन बसायचो आणि लांब गांधार लावला की पेटीतून एक बारीक थरथर यायची. आधी वाटलं, भात्यावरचा हात हलतोय. मग सुरांत, म्हणजे आतल्या पितळी जिभांत, धूळ असेल म्हणून ते साफ करून घेतले. थरथर तशीच. एकदा पट्टी दाबलेली असतानाच तानपुरा बंद केला, आणि गांधार एकदम शांत झाला! तेव्हा डोक्यात उजेड पडला. खर्जाची तार १२० ची. तिचा पाचवा उपस्वर (मूळ आंदोलनांच्या पाचपट, सुरात मिसळलेला) ६००, म्हणजे कुणी न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गांधार. पेटीच्या गांधाराचा दुसरा उपस्वर ६०४.८. दोन्ही शेजारी आले की आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा फुगतो आणि ओसरतो. पेटीत दोष काहीच नव्हता, ती अगदी बिनचूक लागलेली होती.

थरथर एक वेळ सहन झाली असती. पण गळा तानपुऱ्याकडे बघून खाली बसायचा आणि पट्टी दाबली की पेटी त्याला वर ओढायची. रोज तासभर ही ओढाताण. आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही ही तक्रार त्यामागे होती, तशीच या समान सुरांचीही. बंदी मला आजही पटत नाही, पण तक्रारीचा हा दुसरा भाग मला त्या संध्याकाळी पटला. कान माझ्याहून सुखी असतील त्यांना कदाचित हे जाणवणारही नाही.

आता गांधार ट्यूनिंगची दुखरी बाजू. ती एका पट्टीला, म्हणजे एकाच सा ला, बांधलेली. माझी काळी एक. एकदा काळी दोनचे गायक आले, म्हणजे माझ्या रिषभावर त्यांचा सा. त्याच २४० च्या हिशेबात रिषभ २७०, त्याला पंचम हवा ४०५ चा, आणि पेटीत तिथे माझा धैवत, ४०० वर. तो पंचम ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने आतून जुनी पेटी आणली. स्केल चेंजरचा (पट्ट्या सरकवून सा बदलायच्या सोयीचा) इथे उपयोग नाही. पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत.

शिवाय एका पट्टीला धैवत एकच. देशकार रागाचा धैवत भूप रागापेक्षा चढा मानतात. पेटी दोन्हीकडे तोच देणार. डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांच्या) पेटीत यावर उपाय आहे, पण ती वेगळीच पेटी, आपल्या निवडीत धरत नाही.

तेव्हा तुम्ही चार जणांच्या साथीला जात असाल, भजनाला, नाटकाला पेटी फिरत असेल, किंवा सोबत गिटार-कीबोर्ड असेल, तर नेहमीचीच बरी. तिथे तानपुरा तितका वर येतही नाही. पण पट्टी ठरलेली, रियाज स्वतःचा आणि शेजारी तानपुरा असेल, तर मी तरी गांधार ट्यूनिंगच सांगेन. माझी जुनी पेटी आता पाहुण्यांपुरतीच बाहेर येते.

फक्त "बघू, नाही आवडलं तर परत करू" असं म्हणून देऊ नका. सूर चढवायला पितळी जीभ टोकाकडे घासतात, उतरवायला बुडाशी. दोन्हीकडून पितळच जातं, आणि ते परत येत नाही.