५० एमएम एफ/१.८ : आठ महिने वापरली, मोटर गेली, तरी ठेवली

गेल्या महिन्यात माझ्या या कॅमेऱ्याच्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडला. सर्व्हिस सेंटरने फोकस फिरवणारी मोटर बदलायचे जेवढे पैसे सांगितले, तेवढ्यात अशीच दुसरी वापरलेली लेन्स येते. वर नुसत्या तपासणीचे पैसे घेतले. भांडले, उपयोग झाला नाही. लेन्स तशीच घरी आणली.

जुन्या बनावटीची ही लेन्स मी अडॅप्टर (जोडणी) लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर वापरते, तेही बहुतेक एकाच कामाला: लेक दुपारी झोपली की खिडकीच्या उजेडात तिचे फोटो. फोटो सुंदर येतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मोटरच्या आवाजाची. बाहेर तो जाणवतही नाही, पण निजलेल्या मुलाच्या खोलीत ती खर्रखर्र असह्य होते. माझ्या कॅमेऱ्याला मिटलेला डोळा ओळखता येत नाही, त्यामुळे फोकस पुढे-मागे चाचपडत राहतो. पडदा सारखा केलाय, उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरतोय, मूठ गालाखाली आहे... आणि खर्र! पापणी थरथरली, कूस बदलली, गेला फोटो. असं किती दुपारी झालं! शटरचा आवाज इलेक्ट्रॉनिक शटरने घालवता येतो. काही बल्बांखाली त्याने पट्टे उमटतात, खिडकीच्या उजेडात ती भीती नाही. मोटरला मात्र काही इलाज नव्हता.

मोटर गेली आणि माझं मतच बदललं. या लेन्सची फोकसची रिंग यांत्रिक आहे, म्हणून हाताने फोकस होतो. बऱ्याच नव्या लेन्समध्ये रिंगसुद्धा मोटरच्याच जिवावर चालते. मोटर गेली की दोन्ही गेलं. घेण्याआधी हे नक्की विचारा. आता मी स्क्रीनवर चित्र मोठं करून जवळच्या डोळ्याच्या पापणीवर रिंग हळूहळू फिरवते. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, जेमतेम एक सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणजे पापण्या धरल्या तर नाकाचा शेंडा सुटतो. म्हणून छिद्र थोडं लहान, एफ/२.८ (जास्त भाग स्पष्ट येतो), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लागेल तेवढा. खोलीत आवाज शून्य. हे आठ महिने आधीच करायला हवं होतं.

उणीव एक उरलीच: ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही. इवलीशी बोटं हवी असतील तर क्रॉप करा.

एडिटिंगचं थोडक्यात. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि खोलीतला दिवा बंद ठेवा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच गालावर पडला की व्हाइट बॅलन्सने (उजेडाची रंगछटा दुरुस्त करणाऱ्या सेटिंगने) दोन्ही सुधारत नाहीत. एफ/१.८ला पांढऱ्या दुपट्याच्या काठावर जांभळी झाक येते, ती काढावी लागते. त्वचेसाठी मी फक्त नारिंगी रंगाचा उजळपणा किंचित वाढवते. नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवणं) जास्त झालं की गाल मेणाचा दिसतो.

सुरुवातीला एका फोटोत तिच्या गालावर उमटलेला उशीच्या शिवणीचा वळ मी हीलिंग ब्रशने पुसला होता. परवा तोच फोटो रॉवरून पुन्हा केला, वळ तसाच ठेवून. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली ती लालसर रेघ आता भिंतीवर आहे.