चेसिस हलकी झाली म्हणून आम्ही पेढे वाटले होते

रोबोकॉनची (कॉलेजांची रोबोट बनवायची स्पर्धा) तयारी करणाऱ्या ज्युनिअर पोरांसाठी लिहितोय, खास करून ज्यांच्या गळ्यात ड्राइव्हचं, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या चाकं-मोटरींचं काम पडलंय त्यांच्यासाठी. आमचे ३८ हजार गेले.

आमचा बेस, म्हणजे चेसिस, रोबोटचा खालचा सांगाडा, चार ओम्नी व्हीलचा (आडवंही सरकू शकणारं चाक), चाकं कोपऱ्यात ४५ अंशात. सस्पेन्शन नव्हतं, त्यामुळे फ्रेम कडक पाहिजेच, ती जरा पिळली की एक चाक अर्धवट उचललं जातं आणि रोबोट सरळ सांगितलं तरी तिरका पळतो. म्हणून ठरलं की २५ बाय २५ चा, २ एमएम जाडीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाईप घ्यायचा, ग्रेड ६०६१ टी६ (६०६१ हा मजबूत मिश्रधातू, टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला), आणि वेल्डिंग न करता गसेट प्लेट (सांध्यावरची आधाराची पट्टी) लावून बोल्ट मारायचे, कारण वेल्ड मारलं की सांध्याजवळ टी६ ची ताकद उतरते.

आता दुकानात विचारलं की जो तो खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३ च, म्हणजे त्याहून कमी ताकदीचा ग्रेड, काढून दाखवतो. मग कुणीतरी भोसरीच्या एका सप्लायरचा नंबर दिला. काका एकदम गोड बोलणारे. "अरे बाळांनो, तुमच्या सिनिअरना पण मीच माल दिलाय, पाईप साइजला कापून, प्लेटा लेझर करून, चार मोटरी पण देतो, तुम्ही फक्त बोल्ट मारा." परीक्षा तोंडावर, आम्हाला काय, सगळं एकाच ठिकाणी मिळतंय म्हणून खूश. ७० टक्के अॅडव्हान्स यूपीआयने, बाकीचे माल आल्यावर. पक्कं बिल नंतर देतो म्हणाले, ते "नंतर" अजून आलेलं नाही. सिनिअरना एक फोन करून विचारायचं सुचलंच नाही, नंतर विचारलं तर म्हणाले कोण काका?

आणि एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. बाजारात अॅल्युमिनियम किलोवर मिळतं, हे काका फुटावर भाव सांगत होते, म्हणजे पाईप पातळ दिला तरी पैसे तेवढेच.

माल आला. मी स्वतः व्हर्नियर लावला, १.९ आलं, म्हटलं चला ठीक. सोबत टेस्ट सर्टिफिकेटचा पीडीएफ, त्यावर हीट नंबर (धातूच्या बॅचचा नंबर) वगैरे छापलेला, पण पाईपवर कुठेच काही मार्किंग नाही. बेस जोडून वजन केलं तर डिझाइनमध्ये धरलं होतं त्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन किलो कमी! दोन्ही रोबोट मिळून ५० किलोत बसवायचे म्हणजे पावणेदोन किलो ही लॉटरीच, आम्ही खरंच पेढे आणले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की धातू काही आपोआप हलका होत नाही.

पहिल्या रनला रोबोट डावीकडे ओढायला लागला. प्रोग्रामिंगवाल्या ज्युनिअरला आम्ही चार दिवस छळला, पीआयडी (मोटरींचा वेग सांभाळणारा कोड) नीट कर म्हणून, बिचारा रात्री दोन दोनपर्यंत बसायचा (नंतर त्याची माफी मागितली, मिसळ खाऊ घातली). मग एक दिवस मी मोटरच्या माउंटचा एम५ बोल्ट आवळत होतो आणि वॉशरखाली पाईपची भिंत आत दबली. डोळ्यांदेखत, पत्र्याच्या डब्यासारखी. पाईप खोलला, तोंडावर कापताना आलेली बर, म्हणजे धातूची उठलेली कड, होती ती फाईलने घासली, परत मोजलं तर १.४. आधी व्हर्नियर बरवर बसत होता! काट्यावर एक मीटर तुकडा टाकला, २ एमएमचा असता तर ५०० ग्रॅमच्या आसपास भरला असता, हा ३६०.

मग इरेला पेटून लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय काय किती आहे ते सांगणारी टेस्ट) करून घेतलं. ६०६१ मध्ये तांबं किमान ०.१५ टक्के लागतं, आमच्यात ०.०३, मॅग्नेशियम पण कमी. म्हणजे खिडकीचाच माल. मोटरींचं पण तेच, चार स्टिकर सारखे, पण चाकाच्या दहा फेऱ्यांचे एन्कोडर पल्स (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचे सिग्नल) मोजले तर तीन जुळल्या आणि चौथीचे जवळपास दीडपट. स्टिकर नखाने उचकटला तर खाली वेगळ्याच गिअर रेशोचा दुसरा स्टिकर.

काकांना फोन केला तर आधी "तुम्ही जास्त आवळला असेल", मग "माझ्याकडे पण असाच आला", मग फोनच बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, पण बिल मागितलं की आमच्याकडे दाखवायला फक्त व्हॉट्सअॅप चॅट आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट. एवढं झाल्यावर ६ हजार परत आले, तेही तिसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवरून.

नवा पाईप आम्ही मुंबईहून आणला, किलोवर, पक्क्या बिलाने, आणि काउंटरवरच बर घासून मोजला, दुकानदार हसत होता, हसू दे. जुन्या पाईपांचा आता हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचा स्टँड झालाय. ओली जीन्स टाकली की वाकतो.