२०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्यातही मुख्यतः अर्थ क्लॅम्पबद्दल

हे लिहायला घेतलं तेव्हा मशीन बंद पडलेलं होतं आणि सर्व्हिस सेंटरशी वाद चालू होता. आता ते दुरुस्त होऊन परत आलंय, मधल्या काळात मला वेल्डर म्हणून कामही लागलंय, त्यामुळे तेव्हाची काही मतं बदलली आहेत. एक मत मात्र आणखी पक्कं झालंय. या मशीनच्या खोक्यात जो अर्थ क्लॅम्प (प्लेटला पकडून करंटचा परतीचा रस्ता पूर्ण करणारा चिमटा) येतो तो नवीन शिकणाऱ्याचं सरळसरळ नुकसान करतो, आणि कोणत्याच रिव्ह्यूमध्ये त्याबद्दल चार ओळीही दिसत नाहीत.

मी टेबलावरचं काम सोडून या धंद्यात आले. दिवसा एका फॅब्रिकेशन शेडमध्ये हेल्परचं काम, संध्याकाळी घरी सराव, आणि मग कुठेतरी वेल्डरची टेस्ट द्यायची, असा बेत होता. त्यासाठी हे सिंगल फेजवर चालणारं मशीन घेतलं. ज्यांना दिवसभर उत्पादन काढायचंय त्यांच्या गरजा वेगळ्या. हा अनुभव सरावासाठी घेणाऱ्यांच्या कामाचा आहे.

आधी २०० हा आकडा. या रॉडच्या वेल्डिंगमध्ये २०० अँपिअरला आर्कवर साधारण २८ व्होल्ट धरतात. म्हणजे नुसतं आउटपुट ५६०० वॅट. मशीनमधला तोटा धरला तर सात किलोवॅटच्या आसपास, आणि २३० व्होल्टवर ते ३० अँपिअर होतात. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट हे देऊच शकत नाही. शिवाय लागतंय कुणाला? २.५ मिमीच्या ६०१३ रॉडला (साध्या कामाचा नेहमीचा रॉड) ७० ते ९० अँपिअर पुरतात, ३.१५ ला १०० ते १३०. घरी मी १२० च्या वर कधी गेलेच नाही. त्यामुळे २५० अँपिअरच्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, तेच पैसे रॉड आणि प्लेटमध्ये घाला. ड्यूटी सायकलचीही तीच गोष्ट. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, तेही ४० अंश तापमानाला. एक रॉड एक-सव्वा मिनिटात संपतो. मग स्लॅग (वेल्डवर जमलेलं कवच) झाडा, ब्रश मारा, बीड (वेल्डची रेघ) नीट बघा. शिकणारा माणूस मशीनला आपोआप विश्रांती देतच असतो.

आता क्लॅम्प. पातळ पत्रा दाबून केलेला, वरून तांब्याचा मुलामा, स्प्रिंग इतकी सैल की प्लेट उचलली की निसटतो. दोन जबड्यांपैकी एकाच जबड्याला केबल जोडलेली, दुसऱ्याला करंट फक्त बिजागरीतून जातो. केबलही आतून ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा थर. पाच-सहा रॉड सलग लावले की क्लॅम्पला हात लावता येत नव्हता. आर्क चालू असताना क्लॅम्प आणि प्लेट यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर ०.९ व्होल्ट. ९० अँपिअरला हे ८० वॅटच्या वर गेलं, म्हणजे जुन्या बल्बएवढी उष्णता नाण्याएवढ्या जागेत.

यावर कुणी म्हणेल की इन्व्हर्टर करंट स्थिर ठेवतो, मग एका व्होल्टने काय बिघडतं? स्थिर रोध असता तर खरंच काही बिघडलं नसतं, मशीनने तो सांभाळून घेतला असता. पण सैल क्लॅम्पचा रोध स्थिर नसतो. संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. आर्क मध्येच फडफडतो, रॉड चिकटतो, बीड एका ठिकाणी फुगते आणि पुढे बारीक होते. नेमकं हेच सगळं कच्च्या हातानेही होतं. आर्कची लांबी कमीजास्त झाली, चाल चुकली, कोन बदलला, तरी प्लेटवर दिसणारी खूण तीच. जुना वेल्डर नुसत्या आवाजावरून दोन्हींतला फरक ओळखतो. नवीन माणसाकडे तो कान नसतो.

आणि आपल्या धंद्यात नवीन माणसाची बीड वाकडी दिसली की उत्तर ठरलेलं असतं: हात बसलेला नाही. हे ऐकून कितीतरी जण पहिल्या महिन्यांतच वेल्डिंग सोडून पुन्हा ग्राइंडरवर जातात. मला याचा मनापासून राग येतो. मशीन बनवणारा खोक्यात धड क्लॅम्प घालत नाही, आणि त्याची किंमत शिकणाऱ्याच्या आत्मविश्वासातून वसूल होते.

मी काटकसरीने राहणारी आहे. रॉडचा उरलेला तुकडा दोन बोटांएवढा होईपर्यंत जाळते, सरावाची प्लेट दोन्ही बाजूंनी बीड मारून भरल्याशिवाय भंगारात टाकत नाही. मशीनसोबत फुकट आलेली वस्तू बाजूला ठेवून तीच पुन्हा विकत घेणं जिवावर आलं होतं. तरी घेतला: ओतीव पितळेचा, स्क्रूने आवळायचा क्लॅम्प, आणि २५ चौरस मिमीची अस्सल तांब्याची केबल, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) नीट दाबून बसवलेला. पकडायची जागा ग्राइंडरने चकचकीत करून तिथेच क्लॅम्प लावायची सवय लावली. गंज किंवा रंगावर लावला तर पितळेचाही उपयोग नाही. मल्टिमीटर ०.१ च्या आसपास आला. त्याच आठवड्यात बीडचे पदर सारखे पडायला लागले. माझ्यासाठी या मशीनचा खरा वापर तिथून सुरू झाला.

मग टेस्टच्या तोंडावर मशीन बंद पडलं. पंखा चालू, पिवळा दिवा कायम पेटलेला, आउटपुट शून्य. पिवळा दिवा म्हणजे मशीन तापलंय, पण हे तर रात्रभर थंड राहूनही तसंच. सर्व्हिस सेंटरने उघडून न बघता सांगितलं, आत लोखंडाची धूळ आहे, वॉरंटी लागू नाही. ग्राइंडिंगची धूळ पंखा आत ओढतो आणि ती वीजवाहक असते, हे खरं आहे. म्हणूनच पुस्तिकेत ठराविक काळाने कोरड्या हवेने मशीन साफ करायला सांगितलंय, आणि मी ते करत होते. मी एवढंच लेखी मागितलं: धुळीमुळे नेमका कोणता भाग जळला? त्यावर बरेच दिवस काही उत्तर नाही. शेवटी उघडलं तेव्हा तापमान सेन्सरचा कनेक्टर सैल निघाला. काहीच जळलेलं नव्हतं. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पण सरावाचे सगळ्यात महत्त्वाचे दिवस गेले. तुम्हालाही ‘धूळ’ हे उत्तर मिळालं तर जळालेल्या भागाचं नाव लेखी मागा.

त्या दिवसांत ओळखीच्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये जुन्या ट्रान्स्फॉर्मर मशीनवर सराव केला, आणि तिथे माझं एक मत फिरलं. आधी मी हॉट स्टार्टला पूर्ण गुण दिले होते. रॉड टेकवला की मशीन क्षणभर जास्त करंट देतं आणि आर्क झटकन लागतो. जुन्या मशीनवर ती सोय नाही, तिथे रॉड काडीसारखा ओढून स्वतः आर्क लावावा लागतो. मिस्त्रींनी दोन संध्याकाळी माझ्याकडून फक्त तेवढंच करून घेतलं. आता ६०१३ वर सराव करताना मी हॉट स्टार्ट शून्यावर ठेवते. शेडमध्ये जे मशीन मिळेल त्यावर काम करावं लागतं.

७०१८ या दुसऱ्या प्रकारच्या रॉडची गोष्ट मात्र उलटी आहे. टेस्ट त्याच रॉडवर होती: ३जी, म्हणजे प्लेट उभी, खालून वर, दोन प्लेटांमध्ये तळाशी ३ मिमीची फट (रूट गॅप). हा रॉड एकदा थांबला की टोकावर काचेसारखा स्लॅग बसतो आणि पुन्हा लागायला त्रास देतो. त्यात या मशीनचा व्हीआरडी बंद करता येत नाही. आर्क नसताना तो व्होल्टेज खाली ठेवतो. ओल्या जागी ते सुरक्षित, मान्य. पण ७०१८ पुन्हा लावायला ते आणखी अवघड करतं. इथे हॉट स्टार्ट लागतोच, आणि टोक काँक्रीटवर घासून स्लॅग काढायचा. दुसऱ्या मॉडेलमध्ये व्हीआरडीला बटण असेल तर मी तेच घेईन.

टेस्टला गेले तिथे आधी काय शिकले, कुठे काम केलं, हे कुणी विचारलं नाही. प्लेट आणि रॉड हातात दिले. वेल्ड झाल्यावर पट्ट्या कापून वाकवल्या, एक रूटच्या (तळाच्या) बाजूने, एक फेसच्या (वरच्या) बाजूने. वाकवलेल्या भागात ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. माझ्या उघडल्या नाहीत. टेस्टला जाताना क्लॅम्प स्वतःचा नेला होता आणि आधी विचारून लावला. तिथल्या सुपरवायझरने तो हातात घेऊन बघितला, काही बोलला नाही, लावू दिला.

काम लागल्यावरही मशीन विकणार नाही. वेल्डरची पात्रता एकदा मिळाली की कायमची होत नाही. त्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर ती संपते. नवीन माणसाला सुरुवातीचे महिने टाके मारणं आणि ग्राइंडिंग हेच जास्त मिळतं, तेव्हा हात घरीच चालू ठेवावा लागतो.

तर सरावासाठी मशीन घ्या, चांगलं आहे. सर्व्हिसला मी पाचपैकी एक देईन, मशीनला चार. विकत घेताना दुकानात ३.१५ चे दोन रॉड सलग पूर्ण जाळून दाखवायला सांगा आणि लगेच, काळजी घेऊन, क्लॅम्पच्या केबलला जोडाजवळ हात लावून बघा. ती गरम लागली तर नव्या क्लॅम्पचा आणि केबलचा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच हिशोब करा.