बेबी ॲनिमोन म्हणून आयप्टेशिया गळ्यात मारला

आमचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी, ऐंशी लिटरचा, या छंदात अगदीच चिमुकला. दोन क्लाउनफिश, थोडा लाइव्ह रॉक (समुद्री जीव वस्तीला असलेला सच्छिद्र दगड) आणि झोआचा, म्हणजे फुलासारख्या उघडमिट करणाऱ्या, प्रवाळाच्या नात्यातल्या जीवांचा, एक हिरवा गुच्छ. मासे दिले त्याच दुकानदाराने मागच्या वर्षी रॉकच्या तुकड्यावरचं बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, काचेसारखं काहीतरी दाखवलं. "काका, बेबी ॲनिमोन आहे. क्लाउन यातच घर करतात. मोठा चार हजारांचा, हा बाराशेत घ्या." ॲनिमोन म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. मी घासाघीस करून हजारात आणला आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच खूश.

क्लाउननी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. महिन्याभरात एकाचे सात झाले. फोन केला तर म्हणतो, "पाणी मस्त ठेवलंय तुम्ही!" मी आणखी फुशारलो. मग झोआ कडेकडेने मिटायला लागले.

एका रात्री मुलगी भिंग आणि टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसली. लांब, सुईसारख्या टोकदार शुंडा. काडी लावली की पापणी लवायच्या आत सगळं अंग भोकात गडप. आयप्टेशिया. आहे तोही ॲनिमोनच, पण टँकमधलं तण. क्लाउनफिश समुद्रात ज्यांत राहतात त्या ॲनिमोनच्या जाती जेमतेम दहा, त्यांत हा नाही. मी चिमट्याने उपटायला गेलो, ती घोडचूक. बुडाचा कण जरी मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो.

पुन्हा त्याच दुकानात गेलो. (हो, पुन्हा. बायको अजून ऐकवते.) "पेपरमिंट कोळंबी सोडा, फस्त करेल." पेपरमिंट आयप्टेशिया खाते हे खरंच आहे, म्हणून तर फसलो. साडेचारशेला एक अशा चार आणल्या. आठवड्यात त्यांनी आयप्टेशिया सोडून माझे झोआ कुरतडले. पाठीला उंटासारखं कुबड, लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके, चोच बिजागरीसारखी वरखाली हलणारी: ती कॅमल कोळंबी होती. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक असतं, त्यावर लाल रेघा, पांढरा रंग नावालाही नाही. शिवाय खरी पेपरमिंट अटलांटिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. आपल्याकडे ती साडेचारशेला मिळत असेल तर आधी पाठ बघा.

पैसे परत मागितले तेव्हा तो हसला. "तक्रार करा की. रॉक कुठून आणला तेही विचारतील." हा वार वर्मी बसला. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, आणि ज्याला आम्ही लाइव्ह रॉक म्हणतो तो बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचाच सांगाडा. बिलावर त्याने 'सजावटीचे दगड' लिहिलं होतं. तेव्हा ते वाचून मला गंमत वाटली होती.

त्याने मला लावला तो चुनाच शेवटी कामी आला. विरवलेल्या चुन्याची घट्ट पेस्ट, बिनसुईची सिरिंज, पंप बंद, आणि आयप्टेशियाच्या तोंडावर हळूच एक थेंब. दिवसाला तीन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. मुलीने कॅलेंडरवर हिशेब ठेवलाय. काल रात्रीपर्यंत एकोणीस मेले, फिल्टरच्या मागचे दोन बाकी आहेत, आणि तिथे माझा हात पोचत नाही.