मतदान एका दिवसात की टप्प्याटप्प्यांत?

महाराष्ट्राने २०२४ मध्ये दोन्ही पद्धती पाहिल्या. लोकसभेला १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्पे, तर विधानसभेला सगळ्या २८८ जागा २० नोव्हेंबरला एकाच दिवशी. गावं तीच, मतदार तेच. फरक एवढाच की लोकसभेच्या वेळी केंद्रीय दलांच्या तुकड्या देशभर पुरवायच्या असतात, त्यामुळे त्या या राज्यातून त्या राज्यात फिरत राहतात. टप्पे वाढले म्हणजे तिथे धोका वाढला, असा अर्थ काढू नये.

टप्प्यांच्या बाजूने सगळ्यात जड पारडं पश्चिम बंगालचं. २०२३ ची पंचायत निवडणूक ८ जुलैला एकाच दिवशी झाली. केंद्रीय दलं आणायला उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तरीही माणसं मारली गेली आणि ६९६ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. पण आठ टप्प्यांची २०२१ ची विधानसभाही निर्धोक नव्हती. १० एप्रिलला शीतलकुचीच्या एका केंद्रावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या गोळीबारात चार जण गेले. बाहेरचा जवान गावच्या पुढाऱ्याला बांधील नसतो, ही त्याची खरी ताकद. गाव त्याला ओळखीचं नसतं, ही उणीव.

आणि बंगालचीच २०१८ ची पंचायत निवडणूक तर मला सगळ्यात जास्त खुपते. तिथे सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. उमेदवारी अर्जच भरू दिले नाहीत, अशा तक्रारी गावोगाव होत्या. तिथे मतदानाच्या दिवशीचा बंदोबस्त कुणाच्या उपयोगाचा?

लांबलेल्या टप्प्यांचाही भार आहेच. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरची मतदान यंत्रं १९ एप्रिलच्या मतदानापासून ४ जूनच्या मतमोजणीपर्यंत, म्हणजे ४६ दिवस स्ट्राँगरूममध्ये होती. बाहेर इतके दिवस राखणीला आपला माणूस बसवणं मोठ्या पक्षाला जमतं, अपक्षाला नाही. शिवाय इथला प्रचार थांबला तरी पुढच्या टप्प्यातल्या सभेचं भाषण टीव्हीवरून घरात येतंच.

गडचिरोली जिल्ह्यात तर दोन्ही निवडणुकांत मतदान दुपारी तीनलाच थांबलं. इतरत्र बहुतेक ठिकाणी सहापर्यंत. अंधाराआधी पथकं सुखरूप परतायला हवीत हे पटतं, पण ते तीन तास तिथल्या मतदारानेच सोडले.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्र विधानसभेला एक दिवस बरा. जिथे अर्ज भरण्यापासूनच दहशत आहे, तिथे टप्पे हवेत. मात्र तुम्ही ठरवताना टप्प्यांच्या आकड्यावर अडकू नका. तुकडी गावात कधी पोचणार, अर्ज भरण्याआधी की मतदानाच्या आदल्या दिवशी? आणि निघणार कधी? बंगालमध्ये २०२१ ला निकालानंतरही हिंसा झाली. २०२४ ला मतमोजणी उरकल्यावरही केंद्रीय तुकड्या तिथेच ठेवल्या गेल्या.