लॅसिकचं ‘लाइफटाइम’ पॅकेज विकत घेण्याआधी स्वतःच्या कॉर्नियाचा आकडा मागा

जिथे मी लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं डोळ्यांचं लेसर ऑपरेशन, करून घेतलं त्या क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, आणि का ते आधीच सांगून टाकते कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. त्यांच्या वकिलाचं पत्र आलंय, नाव किंवा रक्कम कुठे लिहिली तर बदनामीचा दावा ठोकू म्हणून. ठीक आहे, रक्कम नाही लिहीत, हिशोब लिहिते. जाहिरातीतला दर 100 धरा. माझं बिल झालं 270. कसं झालं ते पै न् पै सांगते.

मूळ 100. त्यावर ‘ब्लेडलेस’चे 55, कारण त्या 100 मध्ये म्हणे पात्याने फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) वरचा पापुद्रा, कापतात आणि ‘मॅडम, आता पात्याने कोण करून घेतं?’ अरे मग जाहिरात कशाची करता? मग ‘वेव्हफ्रंट’चे, म्हणजे डोळ्यातले बारीक दोष मोजून त्याप्रमाणे लेसर मारायचे, 40. मग ‘प्रीमियम’चे 45, त्याच्याबद्दल खाली सविस्तर बोलणार आहे कारण खरी गोम तिथेच आहे. आणि शेवटी ‘लाइफटाइम एन्हान्समेंट प्लॅन’चे 30, म्हणजे पुढे कधीही नंबर परत आला तर लेसर फुकट करून देणार, आयुष्यभर. बुकिंगचे 54 तिथल्या तिथे भरायचे, परत मिळणार नाहीत, बाकीच्याला 24 हप्ते ‘बिनव्याजी’. बिनव्याजीला प्रोसेसिंग फी 6 होती, ती बिलात नाही, हप्त्यांच्या कागदावर होती.

जाहिरातीतल्या दराच्या मागे बारीक अक्षरात ‘पासून’ लिहिलेलं असतं हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही माहिती होतं. पण तो दर जवळजवळ कुणालाच लागू होत नसेल असं कुणाच्या मनात येतं? अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2023 मध्ये लॅसिकच्या एका साखळीवर नेमक्या याच गोष्टीसाठी कारवाई केली, 12.5 लाख डॉलर भरायला लावले. तपासणीला आलेल्यांपैकी दोन्ही डोळ्यांना जाहिरातीतला दर लागू झाला असे लोक फक्त 6.5 टक्के निघाले. म्हणजे हा माझ्या एकटीच्या नशिबाचा विषय नाहीये, धंद्याची पद्धतच आहे ही. आत बोलवायचं, डोळ्यात थेंब टाकायचे, आणि मग दर वाढवत न्यायचा.

पण पैसे गेले त्याचं मला दुःख कमी आहे. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

तपासणी झाल्यावर मला काउन्सेलरकडे बसवलं. काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नाही, पॅकेज विकणारी व्यक्ती, हे नीट लक्षात ठेवा. टेबलावर माझा रिपोर्ट, रंगीत नकाशे छापलेला, आणि त्यावर उजव्या डोळ्याखाली एका आकड्याभोवती पेनने गोल केलेला. 492. कॉर्नियाची जाडी, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. तिने तो कागद माझ्याकडे सरकवला आणि अगदी आपुलकीने म्हणाली, ‘मॅडम, तुमचा कॉर्निया थोडा पातळ साइडला आहे आणि नंबर जास्त आहे, म्हणून तुम्हाला आम्ही प्रीमियमच सजेस्ट करू, बेसिक तुमच्यासाठी सेफ नाही.’

हा तो क्षण. आज मी तो रोज आठवते आणि माझं डोकं फिरतं. पातळ कॉर्निया आणि जास्त नंबर हे दोन्ही एकत्र आले की चांगला डॉक्टर म्हणतो, थांबा, तुमच्यासाठी लॅसिक नको, पीआरके (फ्लॅप न कापता वरूनच लेसर) बघू, डोळ्यात बसवायची लेन्स बघू, किंवा काहीच करू नका, चष्मा घाला. ज्या कारणाने मला घरी पाठवायला हवं होतं तेच कारण दाखवून मला 45 चं पॅकेज विकलं. आणि मी त्या बाईचे आभार मानले, की बघा किती प्रामाणिक, कॉर्निया पातळ आहे हे लपवलं नाही.

आता कुणी मला शहाणपणा शिकवायला येऊ नका की तेव्हाच उठून यायचं होतं. पांढरा कोट घातलेला माणूस रिपोर्ट बघून ‘यू आर अ गुड कँडिडेट’ म्हणतो तेव्हा पेशंटने काय मायक्रॉनची वजाबाकी करायची? मी सुशिक्षित आहे, दोन ठिकाणी चौकशी केली होती, ओळखीत तिघांचं लॅसिक उत्तम झालेलं होतं. लॅसिक वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, योग्य डोळ्यावर केलं तर बहुतेक लोक खूश असतात. प्रश्न माझा डोळा योग्य होता का हाच आहे, आणि तो नव्हता हे त्यांच्या त्याच कागदावर लिहिलेलं होतं.

ती वजाबाकी मला कुणी करून दाखवली नाही, म्हणून मी तुम्हाला दाखवते. कॉर्नियाची सरासरी जाडी साधारण 540 मायक्रॉन. माझी 492. आधी वरचा पापुद्रा उचलतात, फ्लॅप, माझा 120 मायक्रॉनचा. मग लेसर नंबराच्या हिशोबाने आतला भाग जाळतो, एका नंबरला साधारण 12 ते 15 मायक्रॉन, लेसरचं वर्तुळ मोठं तर जास्त. माझा नंबर उणे 8.5, वर्तुळ साडेसहा मिलिमीटरचं, म्हणजे नंबरामागे 14 धरले तरी 119 मायक्रॉन गेले. 492 मधून 120 आणि 119 वजा करा. उरले 253. फ्लॅपखाली निदान 250 उरायलाच पाहिजेत असा जुना दंडक आहे आणि बरेच सर्जन त्याहून जास्त ठेवतात. फ्लॅप आणि लेसर मिळून एकूण जाडीच्या 40 टक्क्यांच्या वर हात लावला की कॉर्निया पुढे कमजोर होऊन फुगण्याचा धोका वाढतो, यावर डॉक्टरांच्याच जर्नलमध्ये लिहिलेलं आहे. माझं जवळजवळ 49 टक्के.

आता त्या लाइफटाइम प्लॅनकडे परत या. नंबर परत आला तर पुन्हा लेसर फुकट. पुन्हा लेसर म्हणजे पुन्हा कॉर्निया जाळणार. माझ्याकडे 253 उरलेत, 250 च्या खाली जाता येत नाही. म्हणजे माझ्याकडे जाळायला शिल्लक किती? 3 मायक्रॉन! पाव नंबरसुद्धा निघत नाही त्यात. ज्या दिवशी त्यांनी मला आयुष्यभराचा प्लॅन विकला त्या दिवशी त्यांना त्यांच्याच मशीनवर दिसत होतं की तो प्लॅन माझ्या डोळ्यावर कधीच वापरता येणार नाही. याला मी फसवणूक म्हणते. बाकी कशाला काही म्हणा, याला दुसरा शब्द नाही. प्लॅनच्या अटींमध्ये ओळ आहेच, ‘पुरेशी कॉर्नियल जाडी उपलब्ध असल्यास’. आणि दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणी, स्वतःच्या खर्चाने, एक वर्ष चुकलं तर प्लॅन रद्द.

आणखी एक. मी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचे. तपासणीच्या दिवशी लेन्स घालूनच गेले कारण फोनवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तिथे डबीत काढून ठेवायला सांगितल्या आणि लगेच मोजमाप. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार दबतो, म्हणून मोजमापाच्या आधी सॉफ्ट लेन्स 2 आठवडे, टोरिक (तिरक्या नंबराच्या) किंवा गॅस परमिएबल (हवा आत जाऊ देणाऱ्या कडक) 3 आठवडे, जुन्या पद्धतीच्या हार्ड 4 आठवडे बंद ठेवायच्या असतात, हे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, पेशंटसाठी साध्या भाषेत लिहून ठेवलंय. मी विचारलं होतं, लेन्सने काही फरक पडतो का? ‘मशीन ॲडजस्ट करतं.’ मशीन ॲडजस्ट करत नाही. कुठल्याही क्लिनिकने लेन्स काढल्या काढल्या मोजमाप करून लगेच तारीख दिली तर तिथून निघा, बुकिंगचे पैसे बुडाले तरी निघा.

संमतीपत्राचं तर सांगायलाच नको. ऑपरेशनच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून झाल्यावर, आणि ‘रिलॅक्स व्हायला’ एक गोळी दिल्यावर, नर्सने क्लिपबोर्ड हातात दिला. चष्मा लावला तर अक्षरं फुटलेली, चष्मा काढून कागद नाकाला लावला तर एका वेळी चार शब्द दिसतात आणि वरच्या ट्यूबलाइटने डोळ्यातून पाणी. अशी अकरा पानं. ती म्हणाली, ‘रुटीन आहे, जिथे पिवळी चिठ्ठी लावलीये तिथे सही करा, सर आत थांबलेत.’ आज सगळे मला तीच सही दाखवतात. तुम्ही सही केली होती ना? हो केली होती. कागद आदल्या दिवशी घरी मागा. देत नसतील तर सही करू नका, ऑपरेशन रद्द झालं तर होऊ दे.

नंतर काय झालं ते थोडक्यात. सुरुवातीला छान दिसलं, खोटं का बोलू. मग डोळे कोरडे, सकाळी पापणी उघडताना आत वाळू घासल्यासारखं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना लांब लांब काटे फुटायचे, एका दिव्याचे दोन दिसायचे. क्लिनिकमध्ये म्हणाले सगळ्यांना होतं, जाईल. एफडीएचाच अभ्यास आहे 2017 चा, त्यात आधी दृष्टीचा काहीच त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी चकाकी, वलयं, दुहेरी प्रतिमा असा काहीतरी नवा त्रास होता, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा सुरू झाला होता. फार अडेल इतका त्रास 1 टक्क्याहून कमी लोकांना, हेही त्यातच आहे आणि तेही सांगायला हवं. पण मला काउन्सेलरने सांगितलेला आकडा होता, ‘99 टक्के सक्सेस’. सक्सेस म्हणजे काय तर तक्त्यावरची ओळ वाचता येणं. भरपूर उजेडात, काळ्या ठळक अक्षरात. रात्री गाडी चालवता येते का हे त्या तक्त्यावर नसतं.

माझा तर नंबर परत यायला लागला, सव्वा नंबर, आणि तिरका नंबर वाढत चालला. मी लाइफटाइम प्लॅनचा कागद घेऊन गेले. तेव्हा, म्हणजे तेव्हा कुठे, मला सांगण्यात आलं की ‘तुमच्या केसमध्ये जाडी ॲलाउ करत नाही’. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नकाशा काढला, खालच्या बाजूला लाल डाग, कॉर्निया तिथे पुढे यायला लागलाय. एक्टेशिया. आता तो थांबवायला क्रॉसलिंकिंग, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब आणि वरून अतिनील प्रकाश, त्याचा खर्च माझ्या त्या हिशोबात आणखी 90. आणि त्याने नंबर जात नाही, फक्त आणखी बिघडू नये म्हणून. चष्मा परत लागलाच, आणि चष्म्याने आता पूर्वीसारखं स्वच्छ दिसत नाही, कडक लेन्स घालाव्या लागतात. ज्या लेन्सच्या कटकटीतून सुटायला हे सगळं केलं!

आता दाद मागायचं बघा. क्लिनिकला लेखी विचारलं, 45 च्या प्रीमियममध्ये नेमकं काय होतं? उत्तर आलं, ‘कस्टमाइझ्ड केअर प्रोटोकॉल’. पुन्हा विचारलं, म्हणजे काय? उत्तर नाही. पोलिसांकडे गेले तर साहेब म्हणाले हा वैद्यकीय विषय आहे, आम्हाला काय कळणार मायक्रॉन. डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेकडे तक्रार दिली, तिथून पत्र आलं की पॅकेज आणि प्लॅन हा पैशांचा वाद आहे, ग्राहक म्हणून तक्रार करा. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, निष्काळजीपणा दाखवायचा तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं लेखी मत आणा. आणि नेत्रतज्ज्ञ? तोंडाने सगळे बोलतात, ‘हा कॉर्निया मी नसता घेतला’, ‘हे बरोबर नाही झालं’, डोकं हलवतात, हळहळतात, आणि लिहून द्या म्हटलं की खुर्चीत मागे सरकतात. ‘आम्हाला याच फील्डमध्ये राहायचंय.’ मग ज्याला राहायचं नाही असा नेत्रतज्ज्ञ मी कुठून आणू? हप्तेवाल्या कंपनीला लिहिलं की ज्या प्लॅनसाठी कर्ज दिलंत तो प्लॅन अस्तित्वातच नाही, तर म्हणे आमचा करार तुमच्याशी आहे, क्लिनिकशी तुमचं तुम्ही बघा, एक हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअर जाईल. म्हणजे प्रत्येकाचं दार आहे आणि प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराचा पत्ता लिहिलाय. यातला एक माणूस, एकसुद्धा, त्या 492 कडे बघायला तयार नाही. वजाबाकी आहे हो, चौथीतला मुलगा करेल!

क्लिनिकने नंतर ‘सद्भावनेने’ लाइफटाइमचे 30 परत देऊ केले, अट एकच, कुठेही काही बोलणार नाही आणि पुढे कुठलाही दावा करणार नाही असं लिहून द्यायचं. मी सही केली नाही. तुम्हालाही असा कागद येईल. पैशांची गरज असली तरी आधी वकिलाला दाखवा, कारण 30 च्या बदल्यात पुढच्या सगळ्या उपचारांच्या खर्चावर पाणी सोडायला लावतात.

आणि फाइल! फाइल आधी ताब्यात घ्या, भांडण सुरू होण्याच्या आधी. तोंड गोड ठेवून मागा, ‘दुसरीकडे दाखवायचंय’ म्हणा. ऑपरेशनच्या आधीचे नकाशे, जाडी, कॉर्नियाचा बाक, फ्लॅप किती, लेसर किती मायक्रॉन गेला त्याची मशीनची प्रिंट, सगळं. ज्यांचं लॅसिक उत्तम झालंय त्यांनीही मागा, कारण पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लॅसिकच्या आधीचे आकडे उपयोगी पडतात, आणि काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात तो लॅसिकनंतर असतो त्यापेक्षा कमी दिसतो, तेव्हा डॉक्टरांना सांगायलाच लागतं. माझ्या फाइलमधून मशीनची प्रिंट गायब होती, ती मी तीन ईमेल केल्यावर मिळाली, आणि त्यावर 119 हा आकडा छापलेला आहे. तो नसता तर आज माझ्याकडे काहीच नसतं.

तक्रार दाखल केली आहे, तज्ज्ञाच्या मताशिवाय, नुसत्या त्यांच्याच कागदांवर. ज्यांच्याकडे अशीच लाइफटाइम प्लॅनची पावती आहे आणि जाडी 500 च्या खाली होती, त्यांनी क्लिनिकला आजच एक ओळीचा ईमेल टाका: माझ्या फ्लॅपखाली किती मायक्रॉन उरले आहेत आणि त्यात दुसऱ्यांदा लेसर करता येईल का, लेखी कळवा. फोनवर सांगतो म्हणाले तर नाही म्हणा, लेखीच मागा.